आत्या झोपलीय

यात दोष बापाचा. भुताचा नाही. भुतं बिचारी आपापल्या सवयीनं वागतात. खोटं बोलणं हे घरातल्या मोठ्या माणसांचं काम.

ज्याच्यावर हे बेतलं तो आहे अजून, धडधाकट. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. फक्त अंधार पडल्यावर विचारू नका.

पोरगा शिकायला परदेशी गेला. हौस बापाची, बॅगा पोराच्या. आई लहानपणीच वारलेली, वाढवलं आत्यानं. तिची शिस्त एकच. बाहेरून आलं की उंबऱ्यातूनच "आलो गं" म्हणायचं. आतून ती म्हणणार, "आलास? ये." घरातलं शेवटचं माणूस आत आलं की ती स्वतःच्या हातानं कडी घालायची. तोवर तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

परदेशात त्याला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. पलंग, टेबल, एक खिडकी, दाराला आतून लोखंडी साखळी. आधी त्यानं पातेली करपवली, मग पांढरे शर्ट निळे करून ठेवले, मग हळूहळू हात बसला. सवय तेवढी सुटली नाही. कुलूप काढलं की रिकाम्या खोलीला सांगायचा, "आलो गं."

शेजारच्या खोलीत एक सीनियर होता. टक्कल पडलं तरी प्रबंध संपेना, म्हणून सगळे त्याला 'आजोबा' म्हणत. तो खिदळायचा. "भिंतीला काय सांगतोस रे? ती काय चहा टाकणारे तुझ्यासाठी?"

"सवय आहे हो आजोबा. तुम्हाला नाही का प्रबंध न लिहायची?"

रोज संध्याकाळी पोरगा घरी फोन करायचा. तिकडे मध्यरात्र उलटलेली असायची, पण आत्या फोन उशाशी घेऊन खोकत जागी असायची. एके दिवशी फोन बापानं उचलला.

"आत्याला द्या."

"झोपलीय."

दुसऱ्या दिवशीही झोपलेली. त्यानंतर रोजच.

"औषधानं झोप येते तिला. तू अभ्यासाकडे बघ."

"बाबा, चार दिवस येऊन जातो. एकदा बघून जातो तिला."

"परीक्षा तोंडावर आलीय आणि साहेब निघाले बघायला! मोठ्यांना अक्कल शिकवू नकोस."

अक्कल म्हणे. हा शब्द नेमका त्यांच्याच तोंडी असतो, ज्यांच्याकडे तिची चणचण असते. पोरगा गप्प बसला. गप्प बसायलाच तर शिकवलेलं असतं आपल्याला.

नोव्हेंबर संपता संपता आजोबानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "फोन स्पीकरवर ठेवून झोपू नकोस बाबा. तुझ्या आत्याचा खोकला भिंतीतून ऐकू येतो. पार पहाटेपर्यंत."

"आत्याशी बोलून महिना होत आला, आजोबा."

आजोबा हसला. मग हसायचा थांबला.

आणि साखळी. पोरगा ती कधी लावत नसे. खाली इमारतीच्या दाराला कुलूप असताना वर साखळी कशाला? पण सकाळी उठावं तर ती लावलेली. झोपेत आपणच लावली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बापाचाच मुलगा, थोडं खोटं रक्तातच.

डिसेंबरातला पहिला बुधवार. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर. संध्याकाळचे सात वाजले होते, पण परदेशात त्या दिवसांत चारलाच काळोख पडतो. जिन्यातला दिवा गेला होता. त्यानं चाचपडत कुलूप काढलं.

"आलो गं."

दार मागे लोटलं. दिवा न लावताच पलंगावर बसला आणि फोन लावला.

"बाबा, आज उठवा तिला. उद्या पेपर आहे. दोन शब्द बोलू द्या."

"झोपलीय रे ती."

मागे, टेबलापाशी, कुणीतरी खोकलं.

"जागी आहे मी."

तो हलला नाही. मान वळवली नाही.

फोनमध्ये बापाचा श्वास अडकला.

"कोण… कोण आहे रे तिथं?"

"तुम्ही सांगा."

त्यानं फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाबा. आत्या कधीपासून झोपलीय?"

बाप रडायला लागला. "गेली रे… महिना झाला. सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवलं… तुझी परीक्षा होईपर्यंत… तुला कळू द्यायचं नाही…"



मग पलंगाजवळून, अगदी हळू…

"कोण गेलं रे?"

फोन हातातून सुटला. तो धावला. दार उघडलं. बाहेर पडला. आजोबाच्या दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या.

बॅटरी घेऊन दोघं परत आले. दार बंद. किल्ली फिरली. दार चार बोटं उघडलं… आणि अडलं.

आतून साखळी लावलेली होती.

फटीतून बॅटरी मारली. पलंग रिकामा. खिडकी बंद. जमिनीवर फोन चालूच, त्यातून बापाचा आवाज येत होता, "हॅलो… हॅलो…" आत दुसरं कुणी नव्हतं. सकाळी इमारतीच्या रखवालदारानं साखळी कापली, तेव्हाही नव्हतं.

ज्या परीक्षेसाठी एवढं खोटं, तिला पोरगा बसलाच नाही. विद्यापीठातून नाव काढून घेतलं आणि दुसऱ्या शहरात काम धरलं. आता कुठल्याही दारातून आत जाताना तो तोंड मिटून जातो.

बाप अजून रोज फोन लावतो. पोरगा उचलत नाही.