पाणी आत राहिलं असतं तर...

कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीत रात्री गाडीला इंजिन गरम ठेवणारी विजेची वायर लावायला विसरणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर प्रेमात पडलेला. सिग्रून यातली कुणीच नव्हती... नुसती विसरभोळी होती! गोठलेल्या गाडीला ती लाथा घालत असताना ओस्ताप पुढे आला.

“लाथेनं घोडासुद्धा ऐकत नाही, बाईसाहेब.”

“मग तुझी बॅटरी जोड. दात काय काढतोस?”

ती त्याच्याच प्रयोगशाळेत आली होती, हायड्रोजन बसच्या वीजपेटीतल्या पट्ट्यांवर नवे चर आखायला. या पेटीत विजेबरोबर पाणीही तयार होतं. ते चरांत तुंबून गोठलं, की पेटी फुटलीच समजा. ती चर आखायची, तो पेटी तपासायचा. त्याच्या आईनं दिलेल्या परोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, दोघं एकाच डब्यातून खायची, आणि शेवटची कुणी खायची यावरून भांडायची.

मग साहेबांनी सांगितलं, चाचणीत गोठवलेली पेटी सुरू झाली, तर सिग्रूननं पुढच्या कामासाठी कायमचं डेट्रॉइटच्या कारखान्यात जायचं. नाही झाली, तर आणखी एक हिवाळा इथंच.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी कोरडी हवा सोडून चरांतलं पाणी हुसकायचं काम ओस्तापचं होतं. झडप जरा लवकर बंद केली असती, तरी कुणाला पत्ता लागला नसता... त्याचा हात झडपेवर थबकला. पण ते चर तिचे होते. शेवटचा थेंब जाईपर्यंत त्यानं हवा चालू ठेवली, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

सकाळी पेटी झटक्यात सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिग्रून तेवढी पांढरीफटक पडली.

“काल झडप आधीच बंद करणार होतो,” बाहेर येऊन तो म्हणाला. “तू... जाऊ नयेस म्हणून.”

“मग केली का नाहीस, मूर्खा?” तिचा आवाज फाटला. “पेटी फुटू दे, असं मीही देवाकडे मागत होते!”

“मग राहा ना.”

“आता? हे काम सोडून राहिले, तर उद्या तुझाच राग येईल मला.”

तिच्या पापण्यांवर पाणी गोठत होतं. हातमोजा काढून त्यानं ते अंगठ्यानं पुसलं. तिनं त्याचा हात गालावर धरून ठेवला, बोटं बधिर होईपर्यंत.

जायच्या दिवशी भयंकर गारठा होता. वायर लावायला ती पुन्हा विसरली होती. तरी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

वायर ओस्तापनं लावून ठेवली होती.