इटलीची गाडी, उदगीरचा मालक

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रागात होते. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही रागातच. आणि पाचव्यांदा तर... जाऊ द्या, क्रमानं सांगते.

दोन हजार सोळाचा एप्रिल. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, आमच्या नांदेडला नळाचा भरवसा नव्हता, आणि मी एसटीत बसून मावशीकडं उदगीरला निघाले होते. गाव दोन किलोमीटरवर आलं आणि बस थांबली. रास्ता रोको! “उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!” अरे, व्हा की जिल्हा, मी कुठं नको म्हणते? पण बेचाळीस डिग्रीत आम्हाला कशाला भाजता? अर्धा तास कळ काढली. मग बॅग उचलली आणि तणतणत पायी निघाले.

वाटेत एका पत्र्याच्या शेडमधून आवाज आला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा, खडखड, खडखड... आणि त्याच्याखाली एक जाड, दमदार घुमारा. माझे पाय थांबले. हा आवाज मी मोबाइलवर शंभरदा ऐकला होता. खराखुरा कधीच नाही.

आत टँकरची इंजिनं उघडी पडली होती, पाण्याच्या मोटारी ओळीनं मांडल्या होत्या, आणि मधोमध ती उभी होती. पिवळीधमक मोटारसायकल. इटलीची. नाक खाली करून, शेपूट वर करून, एकाच माणसाच्या सीटची. बॅग तिथंच टाकून मी सरळ तिच्याकडं गेले.

“ओ, ओ मॅडम! हात लावू नका, पडती ती! तिचा स्टँड आपोआप मिटतो.” मोटारींच्या मागून एक जण उठला. हाताला काळं ग्रीस, कपाळावर तेच ग्रीस. “आन् आवाजाला भिऊ नका. बिघाड न्हाई तो...”

“कोरडा क्लच आहे, तो असाच वाजतो. माहीत आहे मला.”

तो बघतच राहिला. मी पत्र्यावर खडूनं लिहिलेलं वाचलं – ‘गाडी विकणे आहे.’

“खरंच विकायची आहे?”

“हाव.” आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला. “कोणासाठी पाहून राहिलात? भावासाठी, का मिस्टरांसाठी?”

झालं! माझ्या डोक्यात सणक गेली. मी नांदेडला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवते. दर वर्षी पहिल्या दिवशी पोरं मलाच विचारतात, “मॅडम, सर कधी येतील?” सहा वर्षं हेच ऐकून राहिले मी!

“माझ्यासाठी!” मी ओरडले. “भाऊ सायकलवरून पडतो, आणि मिस्टर अजून जन्माला यायचाय!”

“जन्माला तर आला असल...” तो हळूच पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काही न्हाई. पाणी घ्या.” त्यानं अर्धा ग्लास पाणी पुढं केलं. त्या वर्षी आमच्याकडं पाहुण्याला अर्धाच ग्लास मिळायचा. मी प्यायले. त्याचं हसू मिशीत अडकलं होतं, तेही मला दिसलं, आणि त्याचाही राग आला.

त्याचं नाव निवृत्ती. वय जेमतेम तीस, आणि नाव निवृत्ती! पुण्यात आठ वर्षं परदेशी गाड्यांच्या गॅरेजात काम केलं. तिथं अपघातात मोडलेली ही गाडी भंगार म्हणून मिळाली, आणि दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली. मग गावाकडं परत आला. टँकर चालू ठेवायला इथं मिस्त्री नव्हता.

“मग विकता कशाला?”

“टाकीसमोर बायका घागरी घेऊन तासन् तास उभ्या असतात. त्यांच्यासमोरून ही घेऊन जाताना... लाज वाटती हो.”

मग त्यानं गाडीचे सगळे अवगुण एका दमात सांगून टाकले. न्यूट्रल सापडत नाही. बेल्ट दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि तो पुण्याहून येतो. सायलेन्सर सीटखाली आहे, त्यामुळं उन्हाळ्यात बसायची जागा... म्हणजे... जरा तापते.

“बूड भाजतं म्हणा की सरळ.”

तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर रणकंदन. माझी माय, सरजाबाई, म्हणाली, “लोकांच्या लेकी सोनं घेतात, तू लोखंड घे!” बिलोलीचं एक स्थळ चालू होतं. त्यांचा निरोप आला, नोकरी चालेल, पण असली गाडी घेतली तर आम्हाला विचार करावा लागेल. करा म्हटलं, निवांत करा! शेजारच्या काकू म्हणाल्या, दुष्काळात असली थेरं बरी दिसत नाहीत. जसं काही दुष्काळ मीच पाडलाय! मला ती गाडी हवी होती. माझ्या पगारातली, माझ्या नावावरची, कोणाला न विचारता घेतलेली. अशी एक तरी गोष्ट आयुष्यात हवी की नको?

पुढच्या रविवारी मी पुन्हा उदगीरला. किंमत ठरली. त्यानं आरटीओचा फॉर्म पुढं घेतला, पेन काढला.

“नाव?”

“पंचशीला.”

“आडनाव?”

माझा हात टेबलावर आपटला. “कशाला पाहिजे? पंचशीला म्हटल्यावर आणखी काय कळायचं राहिलं? खोली बघायला गेलं की आडनाव. बदली झाली की आडनाव. आता गाडी घ्यायलाही आडनाव लागतं का?”

तो गडबडला. फॉर्म उलटा करून त्यानं माझ्यापुढं धरला. “रकाना हाय हो, मॅडम... इथं. माझंबी लिहावं लागतं. हे बघा.”

खरंच रकाना होता. मी त्याच्या हातातला पेन घेतला आणि स्वतःच्या हातानं आडनाव लिहिलं. पहिल्या दिवशी त्यानं नावसुद्धा न विचारता पाणी दिलं होतं, हे मला तेव्हा रागात आठवलंच नाही. बसमध्ये आठवलं, अहमदपूर रस्त्याला लागल्यावर. मग कंधारपर्यंत मी स्वतःवरच चिडत आले.

एवढं करून त्या दिवशी गाडी मिळाली नाहीच. कारण नंबर पुण्याचाच होता, त्यामुळं कागद अडले. “लातूरचा करून घ्यायचा राहिला,” तो म्हणाला. “म्हटलं, उदगीर जिल्हा झाला की नवा नंबर येणारच हाय. तवा एकदमच करू. खामखा दोनदा कशाला?”

“जिल्हा होईपर्यंत मी रिटायर होईन!”

“निवृत्त म्हणा की...” पुन्हा ते मिशीतलं हसू. मी फॉर्म त्याच्यासमोर आपटला आणि निघाले.

तिसऱ्या रविवारी कागद तयार होते, पण गाडी चालू होईना. चौथ्या रविवारीही होईना. तो वाकून तपासायचा, मान हलवायचा, “पुढच्या रविवारी नक्की” म्हणायचा. मग आम्ही चहा प्यायचो. एका रविवारी त्यानं मला पुण्याच्या गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या, एका रविवारी मी त्याला पोरांना कार्बोरेटर कसा शिकवते ते सांगितलं. तो ऐकायचा. मध्ये तोंड न घालता ऐकायचा! असा पुरुष मी आयटीआयमध्ये पाहिला नव्हता. परतीच्या बसमध्ये घामानं भिजलेली मी, आणि खिडकीच्या काचेत बघते तर हसून राहिलेली. असा राग यायचा त्या काचेचा!

पाचव्या रविवारी मी त्याला बाजूला केलं. “सरका. आज मी बघते.”

“राहू द्या, मॅडम, हात खराब...”

“सरका म्हटलं ना!”

चावी फिरवली. दिवे लागले. पण असल्या गाडीत चावी फिरवली की पेट्रोलचा पंप बारीक गुणगुणतो. तो गुणगुणला नाही. मी फ्यूजचा डबा उघडला. पंपाच्या जागी रिकामी भोकं. फ्यूज जळला नव्हता, फ्यूजच नव्हता.

मी मान वर केली. तो शेडच्या पत्र्याकडं बघून राहिला होता. त्याच्या पातळ पांढऱ्या शर्टाच्या खिशात, पेनच्या शेजारी, काहीतरी निळं दिसत होतं.

“खिसा दाखवा.”

“कशाला...”

“खिसा!”

त्यानं काढून दिला. पंधरा अँपियरचा, ठणठणीत. माझे कान तापले. “तीन रविवार! तीन तास जायचे, तीन तास यायचे, या उन्हात! मी इंजिन शिकवते, आणि तुम्ही मला फ्यूज काढून येडं बनवलं? तुम्हाला वाटलं बाईला काय कळतंय?”

“न्हाई!” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “तुम्हाला कळणारच होतं. रोज भीत होतो. पण गाडी चालू झाली की तुम्ही ती घेऊन जाणार... आन् मग उदगीरला कशाला याल?” तो थांबला. ग्रीसचा हात पँटीला पुसत राहिला. “मला तुम्ही लई आवडता, मॅडम. आईलाबी सांगितलंय. सगळं. दोन दिवस ती बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ती पोरगी गाडी खरंच चालवती का?”

छातीत असं काही धडधडलं की कोरडा क्लच परवडला. पण राग तर राग. तेवढ्यात त्यानं आणखी भर घातली.

“गाडी अशीच घेऊन जा. पैसे नको. माझ्याकडून...”

“खबरदार!” शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. “सगळं जग विचारणारच आहे, कोणी घेऊन दिली म्हणून. आणि तुम्हीपण घेऊनच देणार? गाडी मी विकत घेणार. ठरलेल्या किमतीला. प्रेमाचं वेगळं बघू. दोन्ही एका फॉर्मवर नको!”

तो खाली बसला आणि मुकाट्यानं सह्या केल्या, जिथं जिथं लागत होत्या तिथं. मी फ्यूज बसवला. पंप गुणगुणला. खडखड, खडखड, आणि सगळी शेड थरथरली.

“प्रेमाचं... कधी बघणार?” त्यानं आवाजावरून ओरडून विचारलं.

“नांदेडला आलात की.”

“मागं बसून येऊ?”

“मागं सीट आहे का?”

“मग कसा येऊ?”

“मी येत होते तसे! पुढच्या एसटीनं!”

टाकीसमोरून जाताना मी वेग कमी केला. मलाही लाज वाटली. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी घागरीवरचा हात काढून ओरडली, “अगं माय, पोरगी हाय की! पळव की गं जोरात!” मग मी पळवली. बूड भाजलं, मनगटं दुखली, न्यूट्रल तीन ठिकाणी सापडलं नाही, आणि असा आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

नांदेडच्या बसस्टँडवर मी पावणेतीनला पोचले. त्याची बस चारला यायला हवी होती. चार वाजले. साडेचार वाजले. चौकशीच्या खिडकीवर मी तीनदा जाऊन भांडले. उदगीरची एक बस आली, तिच्यात तो नव्हता. पाच वाजले. पिवळीभोवती ही गर्दी, “किती देती मॅडम, कोणाची हाय मॅडम?” आणि मला कोणाशी बोलायचं नव्हतं. आलाच नाही तर? बसलाच नसेल तर? गाडी तर मिळाली होती, जशी हवी तशी, माझ्या एकटीची. मग मी सारखी उदगीरच्या फलाटाकडं कशाला बघून राहिले होते?

सव्वापाचला तो उतरला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, शर्ट घामानं चिकटलेला.

“ही वेळ आहे का यायची?” मी भर स्टँडवर ओरडले. दहा माणसं वळून बघायला लागली.

त्यानं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं. “मी येणार न्हाई असं वाटलं का?”

“हो, वाटलं! म्हणून तर राग आलाय. मला तुम्ही आवडता, कळलं? तीन रविवारांपासून आवडता. आता हसू नका, चला. मायला भेटायचंय.”

“आजच?”

“आजच.”

सीट एकाची. म्हणून मी गाडी सुरूच केली नाही. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो, असे आम्ही ती ढकलत निघालो. तो दणादणा ढकलत होता, टँकर ढकलायची सवय.

“हळू ढकला की!” मी खेकसले. “घर लई जवळ आहे.”