पिवळ्या हेल्मेटवाल्याचं नाव

मावठ्याचा पाऊस भुरभुरत होता, आणि मनूनं खोदलेल्या नाल्याभोवतीचा नेमका तोच पत्रा धरला ज्याला हात लावू नको म्हणून मी रोज सांगायचे.

"मनू, कठडा सोड. हलतोय तो."

"कठडा नाहीये तो," पत्र्याच्या पलीकडून आवाज आला. "नुसती आडकाठी आहे. हललेलीच बरी, नाहीतर पोरं वर चढून बसतात."

मराठी. इथे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या आमच्या गल्लीत, खोदलेल्या नाल्यातून, चक्क मराठी. मी दचकले. तशी मी कशानंही दचकते. दाराच्या बेलनं दचकते, कुकरच्या शिट्टीनं दचकते, आणि फोनवर शाळेचा नंबर दिसला तर तो उचलायच्या आधीच चप्पल घालते. मनू पोटात असताना माझ्या नवऱ्याला, निखिलला, ताप आला होता. साधा ताप आहे, असं सगळेच म्हणत होते. निखिल गेला, आणि तेव्हापासून कुणी 'साधं आहे' म्हटलं की मी ते दोनदा-तीनदा तपासून बघते.

पत्र्यावरून आधी पिवळं हेल्मेट वर आलं. मग भिजलेल्या भुवया, मग हसू.

"ही पुलिया तुम्ही बांधताय?" मी विचारलं. नाल्यावरच्या छोट्या पुलाला इकडे पुलियाच म्हणतात.

"दिसतंय तर तसंच."

"बोर्डावर इंदूरच्या कंपनीचं नाव आहे. त्यांची माणसं निळी हेल्मेटं घालतात. पलीकडच्या रस्त्याच्या कामावर पाहिलीत मी. तुमचं पिवळं."

हसू जरासं अडखळलं. "मॅडम, तुम्ही पोलिसात आहात का?"

"मी हिची आई आहे. शाळा पलीकडे आहे. ही रोज यावरून जाणार."

त्यानं मनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "मग नीटच बांधावी लागेल," तो म्हणाला.

त्याचं नाव विहंग. देवास गेटजवळ राहायचा. सिंहस्थ जवळ येत होता, सगळं शहर खणून ठेवलेलं, आणि जिकडेतिकडे पुलिया, रस्ते, नाल्या. आमच्या नाल्यावर तोवर दोन फळ्या टाकल्या होत्या. मनूला घेऊन त्यावरून जाताना मी श्वास घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर फळ्यांच्या दोन्ही बाजूंना जाडजूड दोर बांधलेला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या चेहऱ्यानं. काल इकडून तिकडे जाताना इतका पांढरा पडला होता, मला वाटलं आता मलाच उचलून न्यावं लागतंय... म्हणजे, दोघींना."

मी हसू दाबलं. मनूनं मात्र दाबलं नाही. माझं नावही तिनंच सांगून टाकलं, आणि 'मॅडम'ची 'जयूजी' झाली.

स्लॅब पडला. त्यावर ओली पोती अंथरून तो सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पाइप धरून उभा असायचा. तराई करतोय, काँक्रीट पक्कं व्हायला पाणी पाजतोय, म्हणायचा.

"पुलियाला ताप आलाय?" मनूनं विचारलं.

"हो ना. म्हणून ओल्या पट्ट्या ठेवल्यात."

मी तोंड फिरवलं. त्याच्या हातातलं पाणी थांबलं.

"चुकलं का काही माझं?"

"नाही... बरी होईल ना पण?"

"होईल," तो हळूच म्हणाला. "मी बसलोय ना उशाशी."

कुणी माझ्यासाठी इतकं साधं वाक्य इतक्या जपून बोललं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी गॅस बंद आहे की नाही ते एकदाच पाहिलं.

दुपारी शाळा सुटली की तो आमच्याबरोबर चालत यायचा. पण मोडापर्यंतच, म्हणजे वळणावरच्या मेडिकलच्या दुकानापर्यंत. तिथून पुढे आमची गॅलरी दिसते, आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या सासूबाई. घर त्यांचं. मनू म्हणजे त्यांच्या लेकाची एकुलती निशाणी. त्यांना कळलं तर... या 'तर'च्या पुढे माझं डोकं चालायचंच नाही.

"इथपर्यंत," मी म्हणायची.

"इथपर्यंत," तोही म्हणायचा, आणि मनूला टाटा करून मागे वळायचा.

मग एकदा त्यानं टॉवर चौकात कॉफीला बोलावलं. माझं ऑफिस तिथून जवळच, फ्रीगंजमध्ये. सीएकडे मी ठेकेदारांच्या निविदांचे कागद भरते. दाराकडे पाठ होईल अशी खुर्ची मी निवडली. कितीतरी दिवस ओठांवर आलेलं त्या दिवशी विचारूनच टाकलं.

"विहंग, निविदा भरताना कुठलं काम दुसऱ्याकडून करून घेणार ते आधीच सांगायचं असतं, नावासकट. सरकारी विभाग त्या माणसाचा अनुभव तपासतो, मग हो म्हणतो. कंपनीनं तुमचं नाव दिलंय का?"

त्याचा चमचा कपात फिरत राहिला.

"त्यांनी लिहून दिलंय, सगळं काम आम्हीच करणार," तो शेवटी म्हणाला. "मला म्हणाले, तू गुपचूप कर, पुढच्या पुलियाही तुझ्याच."

"म्हणजे कागदावर तुम्ही नाहीच."

"सगळीकडे असंच चालतं. तुम्ही टेन्शन नका घेऊ, जयूजी. सळई न् सळई माझ्यासमोर बांधलीय. साधी पुलिया आहे."

साधी.

"उद्या तडा गेला तर? कंपनी म्हणेल, आमच्या माणसांनी हात लावला नव्हता. आणि तुम्ही तर कुठे नाहीतच. मनूला घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहू?"

त्यानं कप बाजूला सरकवला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि मी कुठे आहे, जयूजी? तुमच्या घरी? मोडापर्यंत मी आहे. मोडाच्या पुढे... तिथंही माझं नाव नाहीच ना?"

मी कॉफी अर्धी टाकून उठले.

त्यानंतर मी शाळेला लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले. मनू रोज विचारायची, पुलियाचा ताप उतरला का. मी म्हणायची, चल लवकर. आणि मग एका दुपारी ऑफिसातून येताना दिसलं, पुलियापाशी विभागाची जीप उभी, काम बंद, पाइप गुंडाळून ठेवलेला. पिवळं हेल्मेट कुठेच नव्हतं. त्याला वाटेल, मीच तक्रार केली. फोन लावला तर बंद.

संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"मीच जाऊन सांगितलं," तो म्हणाला. "हे काम मी केलंय, नाव माझं लिहा. साहेब आधी हसले, मग चिडले. कंपनीनं तर माझा पत्ताच कट केलाय. आता स्लॅबवर वजन ठेवून बघणार. टिकला तर कंपनीला दंड, आणि माझं नाव मंजुरीला जाईल. नाही टिकला तर फोडतील."

"आणि तुम्ही?"

"मला पुन्हा कोण काम देणार?" मग तो म्हणाला, "तुमचं नाव कुठं घेतलं नाही मी. घाबरू नका."

मी फोन छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. घाबरू नका म्हणे. आता तर दोन माणसांसाठी घाबरायचं होतं.

वजन ठेवायच्या दिवशी अख्खी गल्ली जमली. ऊन कडक झालं होतं. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन, मनूला घट्ट धरून माझ्या शेजारी उभ्या. मजूर वाळूची पोती आणून स्लॅबवर रचत होते, एकावर एक. आणि खाली, नाल्यात, स्लॅबच्या पोटाशी लावलेलं मोजायचं यंत्र बघत विभागाचे साहेब उभे होते. त्यांच्याजवळ विहंग.

खाली कशाला गेला हा? मला कुणीच सांगितलं नव्हतं तो खाली उभा राहणार म्हणून. मी तो जाडजूड दोर धरला, त्यानंच बांधलेला. पोती वाढत होती. स्लॅब काहीच बोलत नव्हता. मला वाटलं, तापही असाच होता... काहीच बोलला नव्हता.

वरच्या थरातलं एक पोतं निसटलं. धप्पकन आवाज झाला, धूळ उडाली.

"विहंग—"

माझाच आवाज. सगळ्या गल्लीनं वळून पाहिलं. धुळीतून पिवळं हेल्मेट वर झालं, एक हात हलला. तो ठीक होता. फक्त पोतंच पडलं होतं.

पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"कोण गं तो?"

इंजिनिअर आहे, म्हणता आलं असतं. ठेकेदाराचा माणूस आहे, तेही चाललं असतं. खाली तो आपलं नाव सांगून त्या स्लॅबखाली उभा होता, आणि मी वर, नुसत्या बोलण्याला घाबरत.

"आई, तो विहंग. पुलिया त्यानंच बांधलीय." मी दोर आणखी घट्ट धरला. "आणि शाळेतून येताना तो आमच्याबरोबर असायचा. मला... मला आवडतं तो बरोबर असला की. पण मोडापर्यंतच येतो तो."

मी खाली मान घातली. आता काय होणार, ते सगळं एका क्षणात दिसून गेलं. बंद दार, मनूचं रडणं, माझी बॅग.

सासूबाईंनी मनूची टोपी सरळ केली. बराच वेळ करत राहिल्या. मग नाल्याकडे बघतच म्हणाल्या, "मोडापर्यंतच का? पुढचा रस्ता खराब आहे?"

तो वर आला तेव्हा भुवयांवर वाळू होती, पहिल्या दिवशी पाणी होतं तशी. सासूबाईंना बघून त्यानं गडबडीनं हेल्मेट काढलं.

"वजन उद्यापर्यंत राहील," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "उद्या कळेल."

"ताप उतरला?" मनूनं विचारलं.

"उद्या सांगतो गं."

"तोपर्यंत चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या. "घर पुढेच आहे." आणि मनूचं बोट धरून त्या चालायलाही लागल्या.

आम्ही दोघं मागून निघालो. मला भीती वाटत होती... उद्याची, गॅलऱ्यांतून बघणाऱ्या बायकांची, चहात साखर जास्त पडेल याचीसुद्धा.

मेडिकलच्या दुकानापाशी तो सवयीनं थांबला.

मी नाही थांबले. हात मागे केला... आणि त्याचा हात येईपर्यंत तसाच ठेवला.