त्रेसष्टने अडवलेलं दार

"लिंबू, आता बास! ये बाहेर!" तोफ बोंबलला.

आत्याच्या बियाण्यांच्या गोदामात लपाछपी रंगली होती. तोफ हा आत्याचा मुलगा. आवाजच तसा होता त्याचा! मोजपट्टी त्याची मामेबहीण, जिन्याच्या पायऱ्याही मोजल्याशिवाय न चढणारी. आणि लिंबू तिचा पाच वर्षांचा भाऊ, जो काही केल्या सापडत नव्हता.

"श्श! ऐक!" मोजपट्टीने तोफच्या तोंडावर हात ठेवला. बियाणं थंड ठेवायच्या कोल्ड रूमच्या पोलादी दारामागून ठकठक येत होती. ती जोरजोरात आत्याला हाका मारू लागली. लिंबू आत, आणि अंगात नुसता बनियन!

हाका ऐकून आत्या आणि मॅनेजरकाका धावत आले.

"अरे बापरे! मी आत न बघताच दार लावलं की!" काकांनी तळहातावर लिहिलेला कुलपाचा आकडा घाईघाईने दाबला. ४१३६२९५४. लाल दिवा! पुन्हा दाबला. पुन्हा लाल!

"थांबा!" आत्याने त्यांचा हात धरला. "तिसऱ्यांदा चुकलं तर कुलूप अडकूनच बसेल. कुलपाच्या कंपनीचा फोनही लागत नाहीये."

"पण फोनवर सांगितला तसाच लिहिलाय हो मी!"

सकाळी नवं कुलूप बसवणाऱ्या माणसाचं मोजपट्टीने प्रश्न विचारून डोकं खाल्लं होतं. तो म्हणाला होता, आमच्या कुलपाचा प्रत्येक आकडा अकराने पूर्ण भागला जातो, म्हणजे चूक पकडता येते.

"काका, हात दाखवा!"

"एवढा भागाकार होईपर्यंत तो गारठेल गं!" तोफ रडकुंडीला आला.

"भागाकार कशाला? शंभराला अकराने भागलं की बाकी एक उरते. म्हणून दोन-दोन अंकांच्या जोड्यांची नुसती बेरीज करायची. एक्केचाळीस, छत्तीस, एकोणतीस, चोपन्न... एकशे साठ! अकराने जातच नाही! काका, फोनवर सुटे अंक सांगितले की जोड्या?"

"जोड्या."

"मग एखादी जोडी उलटी झाली असेल! पंचवीस म्हटलं की पाच आधी ऐकू येतात, पण लिहायचे नंतर असतात!"

तिने एकेक जोडी उलटवून पाहिली. चौदा? नाही. ब्याण्णव? नाही. पंचेचाळीस? तेही नाही. छत्तीसऐवजी त्रेसष्ट?

"एकशे सत्त्याऐंशी! अकरा सत्ते सत्त्याहत्तर, वर एकशे दहा... जातो! जातो!"

"नक्की ना, बाळ?"

"नक्की, आत्या!" ती म्हणाली आणि एकेक अंक जपून दाबू लागली. ४१६३२९५४.

हिरवा दिवा! दार उघडलं आणि नाक लाल झालेला लिंबू थेट तिच्या कुशीत शिरला. तिला हुंदकाच फुटला. केवढं ओझं उतरलं होतं मनावरचं! तोफने आपला शर्ट काढून त्याला गुंडाळला.

"ताई, मी कुणाला सापडलोच नाही!" लिंबू दात वाजवत म्हणाला.

आत्याने तिघांनाही जवळ ओढलं. "गुणाची गं माझी भाची! आज तू होतीस म्हणून!" मग ती काकांकडे वळली. "आणि तुम्ही हो! तुमचा आणि त्रेसष्टचा छत्तीसचा आकडा आहे वाटतं?"

काका ओशाळून तळहात पुसू लागले आणि रडता रडताच मोजपट्टीला हसू फुटलं.