टॉलिव्हरच्या नावाचे टाके

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी अंगावरचा बर्फ झाडत एक उंच माणूस टोलीडोच्या संघाच्या शिवणखोलीत शिरला, तेव्हा रेनाता जर्सीच्या पाठीवर नेमकं त्याचंच नाव शिवत होती.

"बूट मिळतात ती खोली...?"

"शेजारचं दार."

तो गेला नाही. मशीनवर वाकून बघत राहिला. वेड टॉलिव्हर, अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा. अकरा वर्षांत टोलीडोचा हा त्याचा दहावा संघ. इथल्या मुख्य क्वार्टरबॅकचा खांदा निखळला, म्हणून घाईघाईनं बोलावलेला.

"लांब टाके," तो हसून म्हणाला. "उसवायला सोपे. नऊही ठिकाणी असेच होते."

रेनाता कानापर्यंत लाल झाली. चार दिवसांच्या पाहुण्यांची नावं सैल शिवायची, ही तिथली जुनीच रीत. पण ज्याचं नाव, त्यानंच ते ओळखावं... धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मग वेडच्या कोटाची बटणं वरचेवर तुटू लागली. ती लावून घ्यायला येताना तो पोलिश बेकरीतले जॅम भरलेले डोनट आणायचा. एकदा तिनं ती बटणं निरखून पाहिली.

"ही तर कात्रीनं कापलेली दिसतायत."

"टोलीडोची हवाच वाईट," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

आपल्या भाड्याच्या घरात सहा खोकी तशीच बांधलेली आहेत, हेही त्यानं बोलता बोलता सांगितलं. पुन्हा बांधायचीच असतात, मग उघडायची कशाला?

त्या संध्याकाळी रेनातानं त्याची जर्सी उसवली आणि नाव पुन्हा शिवलं. बारीक, दुहेरी टाक्यांनी. प्रेमात पडली होती बिचारी, दुसरं काय!

वेडनं चारातले दोन सामने जिंकून दिले. तेवढ्यात मुख्य खेळाडूचा खांदा बरा झाला, आणि पुढच्या मंगळवारी कपड्यांचा मुकादम गस दारात आला. टॉलिव्हरला मोकळं केलंय, त्याचा चौदा नंबर नव्या पोराला द्यायचाय, पटकन नाव काढ, असं सांगून गेला.

एरवी दोन मिनिटांचं काम. अर्धा तास झाला तरी पहिलं अक्षरही सुटेना. शेवटी कापडच टरकन फाटलं.

वेड निरोप घ्यायला आला तो नेमका तेव्हाच. सॅक्रामेंटोच्या संघाचं बोलावणं आलं होतं, संध्याकाळचं विमान. त्यानं जर्सी हातात घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हे... कधी शिवलंस?"

"बटणांच्या दिवसांत."

"का?"

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं म्हणून," रेनाता म्हणाली. "अजूनही वाटतंय."

वेड स्टुलावर बसला.

"जावं तर लागेल. चेंडू फेकण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. पण... खोकी तुझ्याकडे ठेवू? जानेवारीत हंगाम संपला की येतो."

"न्यायला?"

"नाही गं. उघडायला."

तिनं डोळे पुसले आणि घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

तो गेल्यावर तिनं कोरी जर्सी काढली. नव्या पोराचं नाव शिवायला घेतलं, बारीक, दुहेरी टाक्यांनी. "हे उसवणार कोण?" म्हणून गस ओरडला, पण तिनं मान वर केली नाही.