सावलीगावातली बाई

पहिल्या वर्षाला सगळ्यांना सगळंच शिकावं लागे. सकाळी पदार्थविज्ञानाची ओळख, दुपारी समाजशास्त्राची. पण चंदगडच्या त्या कॉलेजातली पोरं आता प्रश्नावली घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरत नसत. प्रयोगशाळेत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि सावलीगावात शिरायचं.

तालुक्यातल्या माणसांचं फोनवरचं बोलणं, बचतगटातल्या गप्पा, बाजारातली खरेदी, सगळं गोळा करून आणि नावं तेवढी गाळून संगणकानं ही सावलीमाणसं घडवली होती. त्यांच्यामागची हाडामांसाची माणसं मनातलं जे बोलतील, तेच ती बोलत.

शर्वाणी गावडेच्या वाट्याला त्या दुपारी काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी एक विधवा आली. आवाज परका होता. पण बोलता बोलता बाई म्हणाली, "दारातल्या शेवग्याच्या शेंगा सगळ्या शेजारी जातात. आमची पोरगी तोंडाला लावत न्हाई. वास येतो म्हणती, महाराणी!"

शर्वाणीचं पेन थांबलं. तो शेवगा तिच्याच दारात होता. महाराणीही तीच होती.

पुढचा प्रश्न प्रश्नावलीतलाच. तिनं तो चाचरत विचारला, "मुलीला किती शिकवणार?"

"एवढं वरीस. मग लगीन. बेळगावचं स्थळ हाय. तिला अजून सांगितलं न्हाई. माझ्यामागं तिला कोण हाय?"

सकाळीच पदार्थविज्ञानाच्या सरांनी बजावलं होतं, आधी उपकरणावर संशय घ्या, तेच माप निराळ्या रीतीनं घेऊन बघा. शर्वाणीनं तोच प्रश्न फिरवून विचारला, आडून विचारला, दुसऱ्याच घराची गोष्ट करून विचारला. उत्तर जागचं हललं नाही.

"मॅडम, ही माणसं खोटं बोलतात का हो?" तिनं समाजशास्त्राच्या तुरंबेकर मॅडमना गाठलं.

"खोटं खरी माणसं बोलतात," मॅडम हसल्या. "सावलीला कुणाची भीड?"

घरी आई भाकरी थापत होती. काजूच्या चिकानं काळवंडलेली बोटं पिठात पांढरी झाली होती.

"आई, बेळगावला आपलं कोण असतं गं?"

"कोण न्हाई. का गं?"

आईनं मान वर केली नाही. पण भाकरी थापताना ती कधीच मान वर करत नसे. तेवढ्यावरून काय ओळखायचं? त्या संध्याकाळपासून शर्वाणीला सगळंच संशयाचं झालं. परसात जाऊन हळू आवाजात घेतलेला फोन, शिंप्याकडे टाकलेलं नवं पोलकं, डोईवरून फिरणारा हातसुद्धा. हाता रे हाता, राखतोस मला, की पाठवणीला निघालास?

मग रोज दुपारी ती सावलीगावात जाऊ लागली. आईपाशी बोलायचं ते आधी सावलीपाशी बोलून बघू लागली. रडली, भांडली, नोकरीची स्वप्नं दाखवली. सावली बधेना. एके दिवशी मात्र शर्वाणी हळूच म्हणाली, "माझं लग्न झालं, आणि उद्या माझ्यावर तुझ्यासारखी वेळ आली, तर मी कुठं जाऊ? बिया फोडायला?"

सावली बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बेळगावला नको म्हणून सांगते."

शर्वाणीनं आपला तो प्रश्न घोटला. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं बसवलं. रविवारी आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती, तेव्हा तो तिला ऐकवला.

आईचा हात सुपातच राहिला. सावलीइतकाच वेळ ती गप्प बसली. मग पदरानं डोळे टिपत म्हणाली, "बेळगावला नको म्हणून सांगते."

शब्दही तेच. बेळगावचं लग्न टळलं होतं, पण शर्वाणीच्या अंगावर काटा आला. आई हो म्हणाली होती, की कुलपात बरोबर किल्ली फिरली होती?

आईनं सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून बघितलं.

"बोललीस ते खरं हाय. पण तू अशी बोलत न्हाईस," ती म्हणाली. "कुठं थांबायचं तेबी ठरवून आलीस. खरं सांग बाय, माझ्याआधी कुणाला विचारून आलीस?"