पळसदेवची चौपाटी

"हडळ काढली!" शेजारची छकुली धापा टाकत आली. "पार्कातल्या भुताच्या गुहेतली हडळ काढली, अन् तितं सांगाडा बसवला!"

"का गं?" मल्हारनं विचारलं. तो इंदापूरहून मे महिन्याच्या सुट्टीला मामाच्या गावी, पळसदेवला आला होता.

"मागल्या खेपेला परदेशी पोरं आल्ती, ती भ्यालीच न्हाईत! हडळीचे उलटे पाय बघून हसत सुटली. म्हणं, हिनं बूट उलटे घातलेत!"

मल्हार पोट धरून हसला. त्याची मामेबहीण सारजा हसली नाही. ती पाण्याकडे बघत होती.

उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं. बुडालेल्या गावाचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. त्याच्या जवळच, उंच काठावर 'उजनी विहार' नावाचा पार्क होता. बारामतीच्या एमआयडीसीत यंत्रं बसवायला इटलीहून इंजिनियर आले होते. त्यांच्या बायकापोरांना उद्या, रविवारी, तिथं आणायचं होतं. त्यासाठी सावळाराम मॅनेजरनं पार्कच बदलायला काढला होता. भेळेतली मिरची गेली, बैलगाडीत गाद्या आल्या, पाळण्याच्या खुर्च्या रुंद झाल्या.

आणि आता चौपाटी!

"गोऱ्या माणसाला ऊन लागतं, वाळू लागती अन् पाणी लागतं," मॅनेजर सगळ्यांना सांगत फिरत होता. पायाला चिखल लागू नये म्हणून त्यानं काठावर चार ट्रॉल्या वाळू ओतली आणि तिथूनच ती पाण्यात लोटायला लावली.

त्याच जागी गेल्या वर्षी सारजाचे वडील, आप्पा, बुडाले होते.

नागेशआप्पा जाळं लावायला उतरले तेव्हा पाणी गुडघाभर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं प्रेत तरंगत वर आलं. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस बुडतो कसा? गावात शब्दाला मान असलेल्या सोपानतात्यांनी पारावर बसून निकाल दिला, "प्याला असंल." गावानं माना डोलावल्या. आप्पांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. सारजानं ते दहाजणांना सांगितलं. दहाहीजणांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला.

"चार ट्रॉल्या टाकल्या," सारजा म्हणाली. "मोज की! एक तरी दिसती का?"

खरंच! जेमतेम एका ट्रॉलीची वाळू उरली होती.

"चोरली!" मल्हार म्हणाला. मॅनेजरही लांबून हेच ओरडत होता. "कोळ्यांनी वाळू चोरली माझी!"

"चोरली तर चाकाच्या खुणा कुठं हायत?" सारजा म्हणाली. "गाढवाच्या बी न्हाईत. वाळू वर गेलीच न्हाय. खाली गेली."



"खाली काय हाय?" छकुलीनं हळूच विचारलं.

ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं. म्हाताऱ्या रंगूबाईला आता दिसत नव्हतं, पण जुनं गाव तिला तोंडपाठ होतं.

"हीर हाय की," ती म्हणाली. "देवळाच्या दारातनं उगवतीला बोळ जायचा. बोळ संपला की उजव्या अंगाला हीर. पाणी घिऊन येताना मी पावलं मोजायची. सात इसा पावलं."

"सात इसा म्हंजी?"

"सात येळा वीस, येड्या!"

"एकशे चाळीस!" मल्हार ताडकन उठला.

जुना बोळ सध्याच्या काठालगतच जात होता. मल्हारनं देवळाच्या दारातून निघून एकशे चाळीस पावलं टाकली. तिथून त्यांनी उजवीकडच्या पाण्यात बांबू खुपसला. खट्! पुन्हा खुपसला. खट्! टणक जमीन.

"म्हातारी चळली," मल्हार वैतागला.

छकुली धावत जाऊन रंगूबाईला विचारून आली. "आज्जी हसती हाय! म्हणती, त्या लांबटांग्याची ढांग अन् माजी एक का? ती तवा अकरा वर्सांची सून व्हती. अन् डोईवर भरली घागर!"

सारजाला बारावं लागलं होतं. तिनं घागर भरून डोक्यावर घेतली आणि पाणी सांडू नये म्हणून जपून, लहान पावलं टाकत निघाली. एकशे चाळिसावं पाऊल मल्हारच्या खुणेच्या बरंच अलीकडे पडलं. बरोबर चौपाटीसमोर!

मल्हारनं बांबू खुपसला. खट्. थोडा पुढे. खट्. आणखी हातभर पुढे...

बांबू गेला. जातच राहिला. मल्हार तोल जाऊन पडणार, तोच दोघींनी त्याला मागे ओढलं.

सारजा बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिली. वरून काहीच कळत नव्हतं. सगळीकडे तेच गढूळ, गुडघाभर दिसणारं पाणी.

"आप्पा हितं गेले," ती म्हणाली.



मॅनेजरनं त्यांचं ऐकून घेतलंच नाही. "हीर? सरकारी नकाशात हितं नुसतं पाणी हाय! चला, पळा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिनीबस आली. दार उघडताच रंगीत कपड्यांतली पोरं चेंडू घेऊन थेट पाण्याकडे धावत सुटली!

"मल्हार, मॅनेजरला आण!" सारजा ओरडली.

"तो यायचा न्हाय!"

"चोर सापडला म्हण!"

ती स्वतः दोन्ही हात पसरून पाण्याच्या कडेला उभी राहिली. सगळ्यात पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. तिला वाटलं, हा खेळच आहे! ती खिदळत सारजाच्या हाताखालून निसटली. सारजानं झेप घालून तिची कंबर धरली. मुलगी किंचाळली, तिची आई ओरडत आली. सारजानं पकड सोडली नाही.

"वाळूचोर सापडला, साहेब!" तिकडून मल्हारचा आवाज आला. हातात काठी घेऊन मॅनेजर धावतच आला. "कुठंय? कुठंय चोर?"

"ह्यो काय!" मल्हारनं त्याच्या हातात बारा फुटी बांबू दिला. "खुपसा हितं."

मॅनेजरनं रागानं बांबू खुपसला. बांबू पुरा पाण्यात गेला आणि त्याच्या हातातून सुटला. मॅनेजर दोन्ही हात पसरून पोरांना मागे लोटू लागला. मुलीच्या आईनं बांबू गेला ती जागा पाहिली, मग सारजाकडे पाहिलं, आणि मुलीला उराशी घट्ट धरलं.

चौपाटी त्याच दिवशी बंद झाली. कोळ्यांनी विहिरीभोवती खांब रोवून तारा ओढल्या. गळ टाकला तेव्हा कपारीत अडकलेलं एक जाळं वर आलं. त्याच्या गाठी नागेशआप्पांच्या हातच्या होत्या. कोळी गाठ बघून माणूस ओळखतात.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. सोपानतात्यांनी तिघांना पुढे बोलावलं. "शाब्बास रं पोरांनो! लेकरांचा जीव वाचवलात. सारजा, तुज्यासारखी लेक..."

"माजं ऱ्हाऊ द्या, तात्या," सारजा म्हणाली.  "आप्पांचं बोला."

तात्या खाली बघू लागले. 

"चुकलं माजं," ते पुटपुटले. "नागेश प्याला नव्हता."

"मोठ्यानं म्हणा. आई पार मागं उभी हाय."

सोपानतात्या उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ते पुन्हा म्हणाले.